काचेतल्या चहादाण्या आणि शेजारच्या टेबलावरचा चहा: हाँगकाँगचं फ्लॅगस्टाफ हाऊस

पीक ट्रामसाठी रांग लावणाऱ्या बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतं, की तिथून चालत दहा मिनिटांवर, हाँगकाँग पार्कच्या झाडीत, खांबांच्या व्हरांड्याची एक पांढरी दुमजली इमारत आहे आणि तिच्यात चीनच्या कित्येक शतकांच्या चहादाण्या विनातिकीट पाहायला मिळतात. फ्लॅगस्टाफ हाऊस म्युझियम ऑफ टी वेअर हे तिचं पूर्ण नाव. तिला लागून के. एस. लो गॅलरी आहे, आणि त्या गॅलरीच्या तळमजल्यावर 'लॉकचा' नावाचं चहाघर. जुनी भांडी काचेत पाहायची आणि दोन पावलांवर तशाच घडणीच्या भांड्यातून आपल्या हाताने चहा ओतून प्यायचा, अशी सोय एकाच अंगणात फार क्वचित मिळते. पण संग्रहालय वेगळं आणि चहाघर वेगळं असं धरून जो येतो, त्याच्या पदरात दोन्ही अर्धवटच पडतात. दीड तास भांड्यांना, दीड तास चहाला, आणि क्रमही हाच ठेवावा.

इमारत १८४६ साली बांधून झाली, ती हाँगकाँगमधल्या ब्रिटिश सेनापतीचं निवासस्थान म्हणून. १९७८ पर्यंत ती तशीच वापरात होती. फ्लॅगस्टाफ हाऊस हे नाव १९३२चं. संग्रहालय १९८४ साली उघडलं आणि शेजारची गॅलरी १९९५ साली. या सगळ्याचा पाया म्हणजे डॉ. के. एस. लो (१९१०–१९९५) यांनी शहराला दिलेला संग्रह. 'व्हिटासॉय' हे सोया दुधाचं नाव हाँगकाँगच्या प्रत्येक दुकानात दिसतं. त्या कंपनीचे संस्थापक ते हेच. लो यांनी नुसती जुनी भांडी गोळा केली नाहीत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस यीशिंग या चीनमधल्या, मातीच्या चहादाण्यांसाठी नावाजलेल्या ठिकाणच्या कारखान्याकडे त्यांनी उत्तम प्रतीच्या नव्या चहादाण्यांची मागणी नोंदवली आणि मंदावलेल्या त्या कसबाला गिऱ्हाईक मिळालं. इथल्या कपाटांत जुन्यांबरोबर विसाव्या शतकातल्या चहादाण्याही मानाने का मांडलेल्या असतात, त्याचं कारण यात आहे.

मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे अमुक एक भांडं अमुक कपाटात दिसेलच असं सांगता येत नाही. काय शोधायचं ते मात्र सांगता येतं.

सुरुवात झारीपासून करावी. थांग आणि सोंग या चिनी राजवटींच्या काळातली तोटीची भांडी दिसली, की 'हजार वर्षांपूर्वीची चहादाणी' असं तोंडून निघतं. ती चहादाणी नव्हे. थांग काळात (६१८–९०७) चहाची दाबलेली वडी भाजून, कुटून, चाळून ती पूड पाण्यात उकळत. सोंग काळात (९६०–१२७९) बारीक पूड वाडग्यात घालून तिच्यावर झारीतून कढत पाण्याची धार सोडत आणि बांबूच्या कुंच्याने फेस येईपर्यंत घुसळत. फेस पांढरा, म्हणून वाडगे काळे; फूज्येनच्या जिएन भट्ट्यांमधले सशाच्या लवेसारख्या रेघांचे काळे वाडगे त्यासाठीच नावाजले गेले. त्या झारीची तोटी लांब आणि टोकाला निमुळती असते, कारण धार नेमकी पडायला हवी आणि झटकन तुटायला हवी. पान अडवायला आत काही लागत नाही, कारण आत पानच नसतं.

पान भिजवून फक्त पाणी बाहेर सोडणारं भांडं लागू लागलं ते मिंग काळात. १३९१ साली होंगवू बादशहाने दाबलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा मागवला. वड्या बनवण्यात प्रजेची फार मेहनत जाते, हे त्याचं कारण. दरबारचा हुकूम आणि लोकांची बदलती सवय एका दिशेला वळली, आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत चहादाणी हे स्वतंत्र भांडं घडलं. चहाच्या वयाच्या मानाने ती बरीच तरुण आहे. झारी आणि चहादाणी एकापाठोपाठ एक पाहिल्या की हा फरक डोळ्यांनीच कळतो. पाटी वाचावी लागत नाही.

मग यावं यीशिंगच्या दालनाकडे, आणि इथे मुक्काम करावा. ज्यांगसू प्रांतात ताय सरोवराच्या पश्चिमेला यीशिंग आहे, आणि तिथलं दिंगशू हे कुंभारांचं गाव. तिथल्या खडकाळ थरांतून निघणाऱ्या मातीला झीशा, म्हणजे 'जांभळी वाळू' म्हणतात. नाव जांभळं असलं तरी रंग तीन मुख्य: जांभळट तपकिरी झीनी, शेंदरी लाल झूनी आणि फिकट पिवळसर दुआननी. माती खणून काढल्यावर उन्हापावसात सुटी होऊ देतात, दळतात, चाळतात, मुरवतात आणि मग लाकडी मोगरीने कुटतात. झिलई आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर ती पाणी गळू देत नाही, पण अंगात बारीक छिद्रं राहतात.

आपल्याकडच्या कुंभारकामाची सवय असलेल्याला सर्वांत मोठं आश्चर्य हे, की ही भांडी चाकावर घडत नाहीत. मातीची पट्टी थापून सारख्या जाडीची करतात, तिचं नळकांडं वळवतात, आणि एका हाताची बोटं आत धरून दुसऱ्या हातातल्या पातळ थापीने, भांडं फिरवत फिरवत, खांदा आत वळवतात. मग तळाची चकती बसवून भांडं उलटं करतात आणि उरलेलं टोक वळवतात. चौकोनी, षट्कोनी भांड्यांसाठी सपाट पट्ट्या कापून कडा चिकटवतात. म्हणूनच इथे घनाकार चहादाण्याही दिसतात, ज्या चाकावर कधी निघाल्याच नसत्या. या जातीतल्या चौकोनी भांड्याची कड डोळ्याच्या पातळीवर आणून पाहावी. भाजताना माती आकसते आणि सपाट भिंत आत बसू पाहते. ती चारही बाजूंनी ताठ उभी राहिली असेल तर समोर पहिल्या प्रतीचं काम आहे. लाल झूनी तर झीनीपेक्षा पुष्कळ जास्त आकसते. मोठ्या आकारात ती तडकते किंवा वाकडी होते, म्हणून जुनी झूनी भांडी मुठीत मावतील एवढीच दिसतात.

झाकणावर जास्तीत जास्त वेळ द्यावा. झीशामध्ये झाकण आणि तोंड यांतली फट कागदाएवढी असावी लागते, आणि दोन्ही एकत्रच भाजलेली असतात. पाकळ्यापाकळ्यांच्या भांड्यांत कसोटी आणखी कडक: शेवंतीसारख्या रेघा झाकणापासून तळापर्यंत सलग उतरतात, आणि उत्तम भांड्याचं झाकण कोणत्याही पाकळीवर फिरवून ठेवलं तरी रेघ जुळते. काचेबाहेरून झाकण फिरवता येत नाही, पण निदान एका बाजूने रेघा तुटतात का ते दिसतंच. घुंडीतलं बारीक छिद्रही शोधावं. त्यातून हवा आत शिरते म्हणून धार अडखळत नाही.

काचेआड एक गोष्ट मात्र दिसत नाही, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे: तोटीच्या मुळाशी असलेली भोकं. जुन्या भांड्यांत बहुधा एकच मोठं भोक असतं. बरीच लहान भोकं नंतरच्या काळात येतात. आत फुगीर, चेंडूच्या अर्ध्या भागासारखी जाळी असेल तर भांडं १९७०च्या दशकानंतरचं. हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे. एकाच भोकाच्या चहादाणीत चुरा झालेलं पान घातलं की ती तुंबते, म्हणून अशा भांड्यात अखंड पान लागतं. हे पुढे टेबलावर उपयोगी पडेल.

आता नावांबद्दल. दंतकथेनुसार झीशाची पहिली चहादाणी गोंग चुन नावाच्या घरगड्याने झंगदे बादशहाच्या काळात (१५०६–१५२१) केली. फ्लॅगस्टाफच्या संग्रहात सहा पाकळ्यांची एक गोल चहादाणी आहे, जिच्यावर त्याचं नाव आणि झंगदेच्या आठव्या वर्षाचा, म्हणजे १५१३चा, उल्लेख कोरलेला आहे. ती प्रसिद्ध आहे. प्रदर्शनात असली तर अवश्य पाहावी, पण कोरलेलं नाव म्हणजे जन्मदाखला असं समजू नये. तारखेच्या बाबतीत सर्वांत भक्कम मानली जाणारी जुनी झीशा चहादाणी इथे नाही, ती नानजिंगला आहे. वू जिंग नावाच्या राजवाड्यातल्या खोजाच्या १५३३ सालच्या थडग्यात ती सापडली. तिच्या अंगावर झिलईचे ओघळ चिकटलेले आहेत, कारण तेव्हा झीशाची भांडी झिलईच्या रांजणांबरोबर उघडीच भट्टीत लावत. पुढे ती बंद मातीच्या डब्यात ठेवून भाजू लागले आणि अंग स्वच्छ निघू लागलं.

नावांची नक्कल हा या क्षेत्रातला फार जुना प्रकार आहे. ह्वे मेंगछेन हा मिंग काळाच्या अखेरीचा, छोट्या चहादाण्यांसाठी नावाजलेला कारागीर. त्याचं नाव पुढे एवढं चाललं की 'मेंगछेन' हे लहान चहादाणीचंच नाव होऊन बसलं, आणि शतकानुशतकं ते तळावर उमटत राहिलं. १९३०च्या दशकात शांघायच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे उत्तम कारागीर बोलावून मिंग आणि छिंग काळातल्या भांड्यांच्या प्रती करवून घेतल्या. विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा गू जिंगझौ (१९१५–१९९६) तरुणपणी त्यांतच होता. म्हणून तळावरचा शिक्का शेवटी वाचावा. आधी माती, मग घडण, मग वापराच्या खुणा, आणि सर्वांत शेवटी नाव.

छेन होंगशौ (१७६८–१८२२), म्हणजेच मानशेंग, याच्या धाटणीची भांडी लगेच ओळखू येतात. तो अधिकारी, कवी आणि मुद्रा कोरणारा. आकार त्याने सुचवायचे, घडवायचे यांग पेंगन्येनने, आणि अंगावर ओळी कोरायच्या मानशेंगने किंवा त्याच्या मित्रांनी. अलंकार काढून टाकून कोरण्यासाठी सपाट, मोकळं अंग ठेवलेलं असतं. त्रिकोणी अंगाचा, खाली रुंद, वर निमुळता, तीन छोट्या पायांचा 'शीप्याव' आकार याच परंपरेतला. आमच्या मते संपूर्ण दालनात वापरायला सर्वांत सोयीचा आकार तोच: तळाशी रुंद म्हणून पान मोकळं पसरतं, तोटी सरळ आणि आखूड म्हणून भांडं लवकर रिकामं होतं.

कथलाने मढवलेल्या चहादाण्या काहींना फार आवडतात. आत झीशा, बाहेर कथलाचा पत्रा, तोटी आणि कान हिरव्या पाषाणाचे, पत्र्यावर कोरीव ओळी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला झू ज्येन यासाठी प्रसिद्ध. वस्तू म्हणून त्या देखण्या आहेत. चहादाणी म्हणून त्यांत झीशाचं अंगच झाकलं गेलं आहे. पांढऱ्या चिनी मातीची, रंगीत चित्रांची, युरोपात धाडलेली भांडी तुलनेने लवकर उरकली तरी चालतात. फक्त एक लक्षात ठेवावं: सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात यीशिंगची लाल चहादाणी युरोपात पोचली आणि डेल्फ्ट, स्टॅफर्डशायर आणि नंतर माइसनच्या कारागिरांनी तिचीच नक्कल करत लाल भांडी बनवली. तिथे चिनी माती जमण्याआधी ही तांबडी माती जमली होती. त्यामुळे युरोपी चहादाणीचा बसका, गोल आकार पाहताना त्याचं आजोळ ध्यानात येतं.

इतकं पाहून झाल्यावर अंगण ओलांडून चहाघरात यावं. लाकडी टेबलं, शांत जागा, आणि पूर्ण शाकाहारी डिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे पदार्थ. हाँगकाँगमध्ये शाकाहारी माणसाला ही शेवटची गोष्ट केवढी मोलाची आहे, ते तिथे दोन दिवस काढलेल्याला सांगायला नको. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मागवण्याआधी विचारून घ्यावं. चहाचे पैसे दर माणशी वेगळे लावण्याची हाँगकाँगची रीत आहे, त्यावर सेवेचे दहा टक्के; तेव्हा चौघांनी बसून एकच चहा मागवला तरी चौघांचे पैसे लागतात. यावर वाद घालू नये. शनिवार-रविवारी जागा मिळणं कठीण, म्हणून मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमाराला यावं.

चहाची यादी लांब असते आणि तिथेच नवखे चुकतात. सर्वांत महाग चहा मागवण्यापेक्षा भांड्याला साजेसा मागवावा. नुकत्याच पाहिलेल्या लहान चहादाण्या कशासाठी होत्या ते कळायचं असेल तर ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा, घ्यावा: गुंडाळलेल्या दाण्यांचा तिएग्वानयिन, किंवा लांब मुरडलेल्या पानांचा वूयी डोंगरातला अथवा फेंगह्वांगचा. मातकट, गडद रंगाचा मुरवलेला पु-एर आवडत असेल तर तोही झीशात उत्तम होतो. हिरवा चहा झीशात मागू नये. जाड भिंत उष्णता धरून ठेवते आणि कोवळं पान शिजून जातं. त्याला गायवान, म्हणजे झाकणाचा वाडगा, आणि ७५ ते ८० अंशांचं पाणीच हवं.

टेबलावर साधारण एवढं येतं: पाण्याची किटली, १२० ते १५० मिलिलिटरची चहादाणी किंवा गायवान, सगळ्यांना सारखा चहा मिळावा म्हणून मध्ये ओतायचा छोटा जग, आणि दोन-तीन घोटांचे पेले. पहिला चहा करून दाखवायला सांगितलं तर दाखवतात, आणि तो जरूर पाहावा. पुढचे सगळे आपणच करायचे.

भांडं आधी आधणाच्या पाण्याने भरून रिकामं करावं. थंड झीशात ओतलेलं आधण लगेच बरंच निवतं, आणि ऊलाँगला ९५ अंशांच्या खालचं पाणी चालत नाही. पान मापताना शंभर मिलिलिटर पाण्याला ५ ते ७ ग्रॅम धरावं. गुंडाळलेले दाणे असतील तर भांड्याच्या तळापासून पाव ते तिसरा हिस्सा, कारण ते फुलून भांडं भरतात. लांब पानं असतील तर अर्ध्याच्या वर. पहिलं पाणी घालून पाच सेकंदांत ओतून द्यावं. ते पान जागं करायला आहे. मग पुन्हा काठोकाठ आधण, वर आलेला फेस झाकणाच्या कडेने बाजूला सारायचा, झाकण लावायचं, पंधरा सेकंद थांबायचं, आणि सगळं जगात ओतायचं. दुसऱ्या पाण्यालाही तेवढंच, त्यानंतर दर वेळी पाच ते दहा सेकंद वाढवत जायचं. चांगला ऊलाँग सहा-सात पाणी सहज देतो, पु-एर त्याहून जास्त.

सगळ्यांत जास्त बिघाड होतो तो ओतताना. लोक पेले भरले की थांबतात आणि चहादाणीत दोन बोटं पाणी तसंच राहतं. ते पाणी पुढची पाच मिनिटं पान मुरवत बसतं आणि पुढचा चहा कडू होतो, मग दोष पानाला दिला जातो. भांडं पूर्ण निथळलं पाहिजे, शेवटच्या थेंबापर्यंत. शेवटचे थेंब सर्वांत दाट असतात, म्हणून जगात सगळं मिसळल्यावरच पेल्यांत वाटायचं. दोन पाण्यांच्या मध्ये गप्पा रंगणार असतील तर झाकण थोडं सरकवून ठेवावं, म्हणजे कोंडलेल्या वाफेने पान शिजत नाही. पण मोठ्या चहाघरात झाकण असं उलटं किंवा तिरकं ठेवणं म्हणजे 'गरम पाणी आणा' अशी खूण असते, तेव्हा वाढपी किटली घेऊन आला तर दचकू नये. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की टेबलावर दोन बोटांनी हलकेच टकटक करायचं, हे इथलं आभार मानणं.

धार अडखळत असेल तर आधी घुंडीचं छिद्र पाहावं. बोट त्यावर टेकलेलं असतं, ही नेहमीची चूक. तर्जनी घुंडीच्या कडेला, छिद्र मोकळं. तरीही अडखळली तर तोटीच्या मुळाशी पान अडकलं आहे. झाकण काढून लाकडी सळीने ते बाजूला करावं, भांडं झटकू नये. झाकण सुटून पडलं की ते फुटतंच, आणि पेल्याची काठही जाते. गायवानमध्ये बोटं भाजतात ती बहुतेक वेळा पाणी काठाच्या वर गेल्यामुळे. बाहेर पसरणारी कड कोरडी ठेवायची, तिलाच धरायचं, आणि बुडाला हात लावायचा नाही.

तिसरं किंवा चौथं पाणी झालं की रिकाम्या चहादाणीत डोकवावं. काचेआडून न दिसलेली ती भोकं आता समोर असतात, आणि फुललेली पानं त्यांच्यावर कशी टेकली आहेत तेही दिसतं. भांडं एवढं लहान का, याचंही उत्तर जिभेवर आलेलं असतं: पान भरपूर, पाणी थोडं आणि वेळ सेकंदांत मोजलेला, म्हणून प्रत्येक पाण्याची चव वेगळी लागते. हेच पान मोठ्या किटलीत पाच मिनिटं मुरवलं असतं तर या सात चवी एका कडवट रंगात मिसळल्या असत्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे पाहून पुन्हा एकदा यीशिंगच्या दालनात दहा मिनिटं जाऊन यावं. पहिल्या फेरीत नुसते सुंदर दिसलेले आकार दुसऱ्या फेरीत कामाला लागलेले दिसतात.

चहाघरात पान आणि भांडी विकतही मिळतात. झीशा घ्यायची असेल तर पाणी घालून बघू द्याल का, असं सरळ विचारावं. ज्याचा मालावर भरवसा आहे तो दुकानदार नाही म्हणत नाही. तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा वरचा भाग एका पातळीत हवेत. तोटी खाली असेल तर काठोकाठ भरताच ती गळू लागते. पाणी भरून घुंडीच्या छिद्रावर बोट दाबत ओतावं: धार थांबली तर झाकण नीट बसतं. बोट काढल्यावर धार अखंड आणि गुळगुळीत पडावी, आणि १२० मिलिलिटरचं भांडं दहा-बारा सेकंदांत रिकामं व्हावं. ओतणं थांबवल्यावर तोटीखालून ओघळ येऊ नये. मग आत गरम पाणी घालून वास घ्यावा. ओल्या मातीचा मंद वास ठीक. मेणाचा, पॉलिशचा किंवा रसायनाचा वास आला तर भांडं खाली ठेवावं, किंमत कितीही कमी असो. अती भडक लाल, निळा, हिरवा रंगही संशयास्पद, कारण झीशाचे नैसर्गिक रंग मातकटच असतात. आणि जुनी, खानदानी म्हणून दाखवलेली चहादाणी प्रवासात घाईघाईने घेऊच नये. शांघायमधल्या त्या नकलांनी जाणकारांनाही फसवलं आहे. रंगीत झिलईच्या खऱ्या जुन्या भांड्यांत तर शिसं असू शकतं. ती पाहायची, त्यांतून प्यायचं नाही.

पोचायला सोपं आहे: एमटीआर या मेट्रोचं ॲडमिरल्टी स्थानक, सी१ बाहेरची वाट, पॅसिफिक प्लेसमधून सरकत्या जिन्यांनी वर, की समोर पार्क. संग्रहालय सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडं असतं, मंगळवारी बंद (सार्वजनिक सुट्टी असेल तर उघडं), आणि चिनी नववर्षाचे पहिले दोन दिवसही बंद. चहाघर त्यानंतरही चालू असतं, तेव्हा चारला संग्रहालयात शिरून साडेपाचला चहाला बसणंही जमतं. चहा करून दाखवण्याचे कार्यक्रम संग्रहालय वेळोवेळी ठेवतं; तारीख आधी पाहून घ्यावी.

घेतलेली चहादाणी हातातल्या सामानात ठेवावी. झाकण वेगळं कागदात गुंडाळून, आत मऊ कापड भरून. घरी आणल्यावर साबण लावायचा नाही. कोमट पाण्याने धुवावी, थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून मंद आचेवर तासभर तापवावी, पाण्यातच निवू द्यावी आणि झाकण काढून सुकवावी. रोज वापरल्यावर चोथा लगेच काढावा. रात्रभर राहिला तर बुरशी धरते आणि तो वास अंगात बसतो. एका भांड्यात एकाच जातीचा चहा. आणि त्यात आपला दुधाचा, आल्याचा चहा कधीही करू नये: दुधातली चरबी त्या बारीक छिद्रांत शिरते, आंबते, आणि मग कितीही उकळली तरी ती बाहेर येत नाही.